सुंदराबाईंचा पाव तांब्या

मित्रांनो, पुण्याच्या धायरीतल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या घराच्या माळ्यावर बुटांचं एक खोकं आहे. त्यात दोन बंद पडलेले चार्जर, एक बिनझाकणाचा रिमोट आणि वायरींचा गुंता यांच्या सोबतीला मी पडून आहे. मी राउटर. दोन अँटेनांचा, एके काळी पांढरा, आता चहाच्या रंगावर गेलेला. तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद फळीवर दिवे मिचकावत बसला असेल. नेट गेलं की तुम्ही त्याच्याकडे बघता, तेही रागानं. बाकी वेळी तो आहे की नाही, हे घरातल्या पालीला जास्त ठाऊक असतं.

माझी गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगतो. पण ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म एका परदेशी कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. माझी आठवण सुरू होते ती विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतल्या एका दुकानाच्या काचेपासून. दोन हजार सतरा सालच्या एका शनिवारी धम्मदीप नावाचा तरुण तिथे आला. हिंजवडीच्या एका कंपनीत त्याला नुकतीच नोकरी लागली होती. मला हातात घेऊन त्यानं दुकानदाराला विचारलं, "हा चांगला चालेल ना?"

"न चालणारे आम्ही काचेत मांडत नाही," दुकानदार म्हणाला आणि पावती फाडायला लागला.

अशा रीतीनं मी धायरीला आलो. धम्मदीपच्या घरात तिघं माणसं होती. तो, त्याची धाकटी बहीण आम्रपाली आणि त्यांची आई सुंदराबाई. वडील सुखदेवराव वर्ध्याकडून येऊन खडकीच्या कारखान्यात लागले होते. मी आलो तेव्हा ते फोटोत गेलेले होते. बाहेरच्या खोलीतल्या फळीवर बुद्धाची मूर्ती, वर बाबासाहेबांची तसबीर, शेजारी सुखदेवरावांचा फोटो आणि कोपऱ्यात मी, अशी माझी जागा ठरली. इतक्या मोठ्या माणसांच्या पंक्तीला बसायची माझी काही लायकी नव्हती, पण भिंतीतली वायर नेमकी तिथेच निघत होती.

सकाळची वंदना झाली की सुंदराबाई फळी पुसायच्या आणि त्याच फडक्यानं मलाही पुसायच्या. "हा बी थकत असंल बाप्पा, रात्रंदिवस जागतो," असं एकदा म्हणाल्या होत्या. माझ्याबद्दल कुणी काढलेला तो एकमेव चांगला शब्द आहे, म्हणून मी तो जपून ठेवला आहे.

आता माझं काम काय, ते सांगतो. टँकरची वाट बघत धायरीत राहणाऱ्या माणसाला पाण्याची भाषा लगेच कळते, म्हणून तीच वापरतो. समजा, बाहेरून आमच्या घरात दर सेकंदाला चाळीस तांबे पाणी येत होतं. ते घरातल्या फोनांना, लॅपटॉपला, टीव्हीला वाटून द्यायचं, हे माझं काम. एकच जण पीत असेल तर सगळं त्याचं. दोघं-तिघं एकदम आले तर ज्याचं तोंड मोठं त्याच्या घशात जास्त जाणार आणि बाकीच्यांना कमी पडणार. पण माझ्या पोटात एक वहीसारखं पान आहे. घरातल्या प्रत्येक यंत्राचं नाव त्यात असतं. मालकानं ते पान उघडून एखाद्या नावापुढे लिहिलं की याला एवढंच द्यायचं, तर मी त्याला तेवढंच देतो. तोटी अर्धी पिळून ठेवावी, तसं.

एक गोष्ट नीट ऐका. तोटी पिळल्यानं घरात येणारं पाणी वाढत नाही. चाळीसचे चाळीसच राहतात. फक्त एकाचं तोंड दाबून दुसऱ्याची सोय होते. आणि दुसरा घरात नसला, सगळं पाणी तसंच राहिलं, तरी पिळलेली तोटी आपोआप सैल होत नाही. ती कुणीतरी येऊन सोडावी लागते.

दोन हजार वीस साली सगळ्यांची ऑफिसं घरात आली. धम्मदीप स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी टेबल मांडून बसायचा. परदेशातल्या लोकांशी बोलता बोलता त्याचा आवाज तुटायचा. आम्रपाली आतल्या खोलीत बँकेच्या परीक्षेचे क्लास बघायची, आणि खरं सांगायचं तर क्लास कमी आणि मालिका जास्त. एके दिवशी मोठ्या साहेबासमोर धम्मदीपचं तोंड स्क्रीनवर उघडंच राहिलं. संध्याकाळी त्यानं माझं पान उघडलं, 'आम्रपाली-फोन' या नावापुढे आकडा लिहिला आणि ते पान बंद केलं. पाण्याच्या भाषेत तो आकडा होता पाव तांब्या.

"दादा, माझं काहीच चालत नाहीये," आम्रपाली दहा मिनिटांत बाहेर आली.

"दहा दिवस कळ काढ. आमचं काम डिलिव्हर झालं की काढतो."

"आणि तोवर मी काय करू?"

"पुस्तक नावाची एक गोष्ट असते. त्याला नेट लागत नाही."

आम्रपाली चिडली. तिनं आपल्या सिममध्ये नेटचा पॅक भरून घेतला आणि माझं तोंडसुद्धा बघायचं नाही असं ठरवलं. दहा दिवस झाले. काम डिलिव्हर झालं. धम्मदीपची पाठ थोपटली गेली. तिनं मागितलं नाही, त्याला आठवलं नाही. पाव तांब्याचा तो आकडा माझ्या पोटात तसाच राहिला.

आता मैनामावशीबद्दल सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तिची आहे.

मैना ही सुंदराबाईंची थोरली बहीण. हिंगणघाटच्या पुढे एका खेड्यात मुलगा आणि सून दीपमाला यांच्याकडे राहायची. सहा वर्षांची असताना गोवर झाला आणि मैनाचे कान गेले. शाळा सुटली. पण सुंदराबाई आणि ती, दोघींनी मिळून हातांची एक भाषा तयार केली होती, ती फक्त त्या दोघींना यायची. कापूस, भाकर, रुसणं, चुगली, सगळ्याला खुणा होत्या. सुंदराबाई लहानपणी बैलगाडीतून पडल्या तेव्हा डाव्या भुवईवर खोक पडली होती. म्हणून डाव्या भुवईवर बोट ठेवलं की त्याचा अर्थ सुंदरा. मैनाला सुंदराबाईंचं नाव पुन्हा कधी ऐकू आलं नाही, पण तिनं ते आयुष्यभर असं घेतलं.

लग्न होऊन सुंदराबाई पुण्याला आल्या आणि ही भाषा वर्षातून एकदा, गावी गेलं की तेवढी बोलायला मिळायची. फोन आले, पण ऐकू न येणाऱ्या माणसाला फोनचा काय उपयोग? मग चित्र दिसणारे फोन आले. लॉकडाउनमध्ये एका रविवारी धम्मदीपनं आपल्या फोनवरून गावी फोन लावून दिला. मैनाचा चेहरा समोर आला, अगदी स्वच्छ. दोघी तासभर हातांनी बोलल्या. मध्येच हसायला लागल्या त्या थांबेनात. आम्रपालीनं विचारलं, "आई, काय झालं?" तर म्हणाल्या, "तुले नाई समजायचं." त्या दिवशी मी भरभरून पाणी दिलं होतं. ते हसणं मी वाहून आणलं, असं मला आजही वाटतं.

दोन हजार एकवीस साली आम्रपालीला नागपूरला बँकेत नोकरी लागली. पहिल्या पगारात तिनं नवा फोन घेतला आणि जुना आईला दिला. आपल्याकडची ही रीतच आहे. मुलांचा फोन जुना झाला की तो आईच्या हातात येतो. फोनावर नवं कव्हर चढलं, आईच्या बटणाच्या फोनातलं सिम त्यात गेलं. त्या सिममध्ये फक्त बोलण्याचा पॅक होता. नेट माझ्याकडून मिळणार होतं. सगळं बदललं, पण माझ्या वहीतलं नाव बदललं नाही. माझ्या लेखी तो 'आम्रपाली-फोन'च होता. मला माणूस ओळखता येत नाही, फक्त यंत्र ओळखता येतं. त्यापुढे लिहिलेला पाव तांब्या फोनाबरोबर सुंदराबाईंच्या वाट्याला आला.

धम्मदीप पुन्हा ऑफिसला जायला लागला होता. दुपारी घर रिकामं असायचं. तीन वाजले की सुंदराबाई केस नीट करून, पदर सारखा करून खुर्चीत बसायच्या आणि गावी फोन लावायच्या. पलीकडे दीपमाला सासूसमोर फोन धरून बसलेली असायची. आणि इथे चित्र गोठायचं. मैनाचे हात हलले की त्यांच्या जागी तपकिरी डाग दिसायचे. बोटं वेगळी दिसायचीच नाहीत. हातांची भाषा, आणि हातच दिसत नाहीत. आवाज मात्र बरा यायचा, कारण आवाजाला थोडं पाणी पुरतं. पण आवाजाशी मैनाला काय करायचं होतं?

मित्रांनो, त्या वेळी घरात दुसरं कुणीही नसायचं. चाळीस तांबे माझ्या दाराशी भरून उभे असायचे. आणि मी त्या बाईला पाव तांब्या मोजून देत होतो. मला हे समजत नव्हतं असं नाही. पण लिहिलेलं मोडायचं नाही, एवढंच मला शिकवलेलं आहे. बोलायला माझ्याकडे चार हिरवे दिवे आहेत, आणि ते चारही नीट लागलेले होते. माझ्याकडे बघणाऱ्याला वाटायचं, सगळं ठीक आहे.

सुंदराबाई उठून फोन माझ्याजवळ आणायच्या. जवळ आलं की जास्त मिळेल, असं त्यांना वाटायचं. पायाखाली पाट घेऊन, एका हातानं फळी धरून त्या माझ्यासमोर उभ्या राहायच्या आणि दुसऱ्या हातातल्या फोनाकडे बघत म्हणायच्या, "मैने, दिसत नाई व. हळू कर हात." तिला ऐकू येत नाही, हे त्या क्षणी विसरायच्या.

एकदा त्यांनी धम्मदीपला सांगितलं, "मैनीचं चित्र अडकते रे."

त्यानं स्वतःच्या फोनावर वेग मोजला. "हे बघ, अडतीस येतंय. नेट एकदम फास्ट आहे, आई. गावात रेंज नसणार. खेड्यात असंच असतं." आणि तरी आईच्या समाधानासाठी त्यानं मला बंद करून पुन्हा चालू केलं. घरोघरी आमच्यावर हाच एक उपचार होतो. पण वहीतलं अक्षर बंद केल्यानं पुसलं जात नाही.

पुढच्या वेळी तो म्हणाला, "फोनपण जुना झालाय. बोनस आला की नवीन घेऊ तुला."

"कशाले? चालते ना," सुंदराबाई म्हणाल्या. मुलाचा फोन मागायचं त्यांच्या जिवावर यायचं. तो ऑफिसचा, त्यात त्याचे साहेब राहतात, असं त्यांना वाटायचं. आणि रविवारी तो दमून झोपलेला असायचा.

त्यामुळे दोष गावाकडे गेला. पुण्यातलं सगळं चांगलं आणि गावातलं सगळं अडकणारं, हे आमच्या घरात कुणाला पटवून द्यावं लागत नव्हतं. दीपमाला म्हणायची, "मावशी, इकडं पूर्ण दांड्या हायेत. सगळ्यायचे फोन चालते." सुंदराबाईंना ते खरं वाटेना. एके दुपारी चित्र सातव्यांदा तुटलं आणि त्या बोलून गेल्या, "तुले धरताच येत नाई फोन. म्हातारीसाठी दहा मिनिटं बसाचं जिवावर येते तुह्या. सरळ सांग ना तसं."

पलीकडे दीपमाला म्हणाली, "बरं मावशी." एवढंच. तो आवाज मात्र स्वच्छ पोचला.

त्यानंतर फोन कमी झाले. आठवड्याला एक, मग पंधरा दिवसांनी एक. खुशाली तेवढी कळायची. "आई बरी हाय," दीपमाला सांगायची. ती खोटं बोलत नव्हती. मैना घरात कुणाला काही सांगायचीच नाही. लहानपणापासून दुखलं-खुपलं सांगायची ती एकाच माणसाला, आणि ते माणूस पुण्यात एका डागाकडे बघत बसलेलं होतं. मैनाच्या डोळ्यांत हळूहळू पिवळेपणा आला होता, चेहरा उतरला होता; रोज बघणाऱ्यांच्या ते ध्यानात आलं नाही, मागाहून कळलं. माझ्या पाव तांब्यातून रंग पोचत नव्हता. तो दिसला असता तर मैना वाचली असती, असं मी म्हणणार नाही. मी राउटर आहे, डॉक्टर नाही. पण सुंदराबाई त्याच दिवशी गाडीत बसल्या असत्या, एवढं मी खात्रीनं सांगतो.

दोन हजार तेवीसच्या जानेवारीत मैना गेली. सुंदराबाई पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करून त्या परत आल्या. दीपमालाशी त्या तिथेही कामापुरतंच बोलल्या होत्या. आल्यावर त्यांनी फळी पुसली, मूर्ती पुसली, फोटो पुसले. मला पुसलं नाही. विसरल्या असतील. तीन वाजता मात्र त्या सवयीनं खुर्चीत येऊन बसल्या आणि मग थोड्या वेळानं उठून भांडी घासायला गेल्या.

दोन महिन्यांनी घरात नवी, जास्त वेगाची जोडणी घ्यायचं ठरलं. कंपनीचा माणूस सकाळी येऊन नवी पेटी भिंतीवर लावून गेला. संध्याकाळपर्यंत ती सुरू होणार होती. तो रविवार होता. माझं नाव आणि परवलीचा शब्द नव्या पेटीत जसाच्या तसा घालायचा म्हणून धम्मदीपनं दुपारी माझं पान उघडलं. खाली सरकता सरकता तो थांबला.

'आम्रपाली-फोन'. पुढे आकडा.

त्यानं ओट्याकडे बघून विचारलं, "आई, तुझा फोन आधी अमूचाच होता ना?"

"तिचाच. काहून?"

त्यानं आम्रपालीला फोन लावला. "अमू, लॉकडाउनमध्ये मी तुझ्या फोनाला लिमिट लावलं होतं. ते मी काढलं होतं का गं?"

"मला काय माहीत? मी तर पॅक मारला होता," ती म्हणाली. मग तिचाही आवाज बदलला. "दादा... तो फोन आईकडे आहे."

"हो."

माझ्यातून त्यांची नुसती शांतता जात-येत होती. तिला फारसं पाणी लागत नाही.

धम्मदीपनं तो आकडा पुसला. मग आत जाऊन आईसमोर उभा राहिला आणि सगळं सांगितलं. फोनाला लिमिट म्हणजे काय, ते त्यानं तिला पाण्याच्याच भाषेत समजावलं. सुंदराबाई हातातली पोळी तव्यावर तशीच सोडून ऐकत होत्या. त्या ओरडतील, रडतील, असं त्याला वाटलं असावं. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे गावात रेंज होती?"

"होती, आई."

"म्हणजे दीपमालाले मी उगाच बोलले."

त्यांनी गॅस बंद केला. हात पुसले. खुर्चीत येऊन बसल्या आणि स्वतःच्या हातानं फोन लावला. तो माझ्यातून गेलेला शेवटचा फोन. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्या फोनाला असेल नसेल ते सगळं दिलं.

दीपमालाचा चेहरा समोर आला. कपाळावरचा घामसुद्धा दिसत होता. मागे भिंतीला टेकवलेली रिकामी बाज होती. सुंदराबाई म्हणाल्या, "पोरी, चूक आमच्याच घरात होती. तुही काहीच नव्हती."

दीपमालानं नीट ऐकून घेतलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. "मावशी, तुमचे फोन कमी झाले, तरी आई तीन वाजता बसत होत्या," ती म्हणाली. "येणी घालून. मी सांगो, आज नाई फोन, तरी बसत होत्या. शेवटच्या दिवशी काही खाल्लं नाई. नुसतं हे करत होत्या. आमाले कोणालेच समजलं नाई का मांगतात ते. कोणी पाणी दिलं, कोणी डोस्कं चेपून दिलं."

आणि तिनं आपलं बोट डाव्या भुवईवर ठेवलं.

चित्र जरासुद्धा अडकलं नाही. सुंदराबाई बघत राहिल्या आणि मग त्यांचंही बोट हळूहळू आपल्या भुवईवरच्या जुन्या खोकेवर गेलं. धम्मदीप दाराशी उभा होता. त्याला आत यायचं धाडस झालं नाही.

संध्याकाळी नवी पेटी सुरू झाली आणि मला खोक्यात ठेवण्यात आलं. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. नवी पेटी माझ्याहून दसपट पाणी देते असं ऐकतो. सुंदराबाईंच्या फोनावर आता सगळं स्वच्छ दिसतं. दीपमालाचा फोन अधूनमधून येतो.

मित्रांनो, तुमच्या घरच्या राउटरची धूळ पुसली नाही तरी चालेल, आम्हाला सवय आहे. पण एखाद्या मोकळ्या दुपारी त्याचं पान एकदा उघडून बघा. कुणीतरी कधीतरी, दहा दिवसांसाठी म्हणून, एखाद्या नावापुढे काही लिहून ठेवलं असेल. ते नाव आज कुणाचं आहे, ते घरात विचारा. आणि घरातलं म्हातारं माणूस 'अडकतंय' म्हणालं, तर वेग आपल्या फोनावर मोजू नका. त्याचा फोन हातात घ्या आणि तीन वाजता त्याच्या शेजारी बसा.